कोयत्याची धार आणि समईची चकाकी: आधी ग्राइंडर की बफर?

तुमची गरज मला समजली ती अशी: फोंड्यात घरामागच्या पडवीत छोटं वर्कशॉप आहे. नारळाचा कोयता, पटाश्या, रंध्याची पाती आणि ड्रिल बिट यांना धार काढायची आहे, आणि चवथीआधी देवघरातल्या समया, निरांजनं उजळायची आहेत. त्यासाठी बेंच ग्राइंडर (दगडी चाकाने घासणारं यंत्र) घ्यावा, बफर (बफ म्हणजे कापडी चाकाने चकाकी आणणारं यंत्र) घ्यावा, की एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला बफ असलेलं जोडयंत्र, हा प्रश्न आहे.

माझं स्पष्ट मत: आधी 150 मि.मी.चा, म्हणजे 6 इंची बेंच ग्राइंडर घ्या. गरज पडल्यास त्यावर बफ चढवता येतो. पण बफरवर दगडी चाक कधीही चढवू नका. बफरच्या चाकाभोवती जाड पत्र्याचं कवच नसतं, काम टेकवायला आधारही नसतो. 150 मि.मी.चं चाक मिनिटाला 2850 फेरे घेतं तेव्हा त्याची कड सेकंदाला सुमारे 22 मीटर धावते, ताशी 80 कि.मी. त्या वेगात चाक फुटलं तर तुकडे अडवणारं फक्त ते कवच असतं. जोडयंत्रांबद्दलही हाच निकष लावा: दगडाच्या बाजूला पूर्ण कवच, काच आणि आधार असेल तरच विचार करा.

आता वेग, कारण दुकानात बहुतेक जण फक्त वॅट विचारतात. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर दोन पोलची मोटर साधारण 2800 ते 2900 फेरे देते, चार पोलची 1440 च्या आसपास. 200 मि.मी.चं चाक 2850 फेऱ्यांवर सेकंदाला 30 मीटरपर्यंत जातं. पातळ धार त्यावर क्षणात जळते. तेच चाक 1440 वर 15 मीटरवर येतं. धारेसाठी हे सगळ्यात उत्तम, पण यंत्र महाग आणि जड, शिवाय पितळ उजळायला हा वेग कमी पडतो. दोन्ही कामं असल्यामुळे तुम्हाला 6 इंची, 2850 फेऱ्यांचं यंत्रच सोयीचं. मोटर 250 वॅटच्या खाली नको. बफ दाबला की छोटी मोटर बसते. 370 वॅट, म्हणजे अर्धा अश्वशक्ती मिळाली तर तीच घ्या.

म्हापशात किंवा मडगावात दुकानात गेलात की आधी यंत्र उचलून बघा. हाताला फार हलकं लागलं तर बीड कमी, पत्रा जास्त, असं समजा. मग दुकानदाराला दोन्ही चाकं काढून नुसती मोटर चालवायला सांगा. तेव्हाच थरथर जाणवली तर शाफ्ट किंवा रोटर वाकडा आहे, ते यंत्र घेऊ नका. चाकांशिवाय शांत आणि चाकांसह थरथरत असेल तर दोष चाकांत किंवा चाकाच्या भोकातल्या प्लास्टिकच्या बुशांत आहे, आणि तो घरी निघतो. बंद केल्यावर यंत्र सावकाश, आवाज न करता थांबलं पाहिजे. खरखर ऐकू आली तर बेअरिंगकडे संशयाने बघा.

यंत्रासोबत बहुधा 36 आणि 60 नंबरची राखाडी चाकं येतात. 36 ठेवा, लोखंडाची धसमुसळी कामं त्यावर होतात. 60 च्या जागी पांढरं 80 नंबरचं चाक घ्या. चाकावरच्या कागदावर डब्ल्यूए 80 के व्ही असं काही लिहिलेलं असतं: डब्ल्यूए म्हणजे पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइड, 80 दाण्याचा आकार, के म्हणजे मऊपणाकडे झुकणारं चाक, व्ही म्हणजे भट्टीत भाजलेलं बंधन. मऊ चाकाचे बोथट दाणे लवकर गळतात आणि नवे उघडे पडतात, म्हणून पातं कमी तापतं. त्याच कागदावर जास्तीत जास्त फेरे दिलेले असतात. तो आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा मोठा असलाच पाहिजे.

चाक चढवण्याआधी त्याचा आवाज घ्या. कोरडं चाक भोकात बोट घालून लोंबतं धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने कडेपासून दोन बोटं आत, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना 45 अंशांवर हलकेच ठोका. मग चाक थोडं फिरवून पुन्हा ठोका. भाजलेलं चाक टण्ण असं स्वच्छ वाजतं. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला की ते चाक फेकून द्या, डोळ्यांना तडा दिसो न दिसो. मोटरसायकलवरून आणलेल्या चाकाची ही परीक्षा तर चुकवूच नका.

बसवताना चाकावरचे कागदी गोल काढू नका. फ्लँजचा, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्यांचा, दाब सारखा पसरवणं हे त्यांचं काम. डाव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो, म्हणून तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. हे ठाऊक नसेल तर जोर लावून आटे मोडतात. नट घट्ट करा, पण पान्यावर वजन टाकू नका, चाक तिथेच चिरतं. चाक आणि आधार यांत 3 मि.मी.पेक्षा, आणि चाक व कवचाच्या वरच्या तोंडाची पत्र्याची जीभ यांत 6 मि.मी.पेक्षा जास्त फट नको. मोठ्या फटीत पातं ओढलं जातं आणि बोटंही. पहिल्यांदा सुरू करताना बाजूला उभं राहून एक मिनिट मोकळं फिरू द्या. थरथर राहिली तर एक चाक सैल करून पाव फेरा फिरवा, पुन्हा घट्ट करा, पुन्हा बघा. चार जागांपैकी एका जागी दोन चाकांचे तोल एकमेकांना मारतात.

कोयत्याबाबत घाई नको. ग्राइंडर फक्त खाचा काढायला आणि उतार बांधायला, शेवटची धार पाण्याच्या दगडावर. पातं बोटांनी धरा, सरकतं ठेवा, दर एक-दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसायला लागला म्हणजे उशीर व्हायला लागला. कड पिवळसर होऊन निळी पडली की तिथलं तापमान 300 अंशांच्या घरात गेलं आणि पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही. विळीच्या आतल्या वळणाला सपाट चाक नीट लागत नाही, पातं मध्येच खोल जातं. तिथे अर्धगोल कानस आणि हातातला दगड बरा. आणि पितळ, तांबं, ॲल्युमिनियम राखाडी चाकाला लावू नका. मऊ धातू दाण्यांत भरतो, चाक कापायचं सोडून नुसतं तापतं. कधी चुकून भरलंच तर ड्रेसरने (चाक खरवडायचं हत्यार) तोंड उघडून घ्या.

आता समया. ग्राइंडरच्या शाफ्टला लावायचा निमुळता, आटे पाडलेला स्पिंडल मिळतो. डाव्या बाजूचा वेगळा, उजव्याचा वेगळा. चुकीचा लावलात तर बफ फिरता फिरता सुटून येतो. त्या बाजूचा आधार काढा. बफ कवचात अडकत असेल तर कवचही, पण दगड परत चढवताना ते आधी जागेवर. अडचण इतकीच की ग्राइंडरचा शाफ्ट आखूड असतो, मोठ्या समईची बैठक मोटरला आपटते. वर्षातून एक-दोनदाच उजळायचं असेल तर हे चालून जातं. दर महिन्याला करणार असाल, किंवा लांब नळीच्या समया असतील, तर लांब शाफ्टचा बफर वेगळा घ्याच.

समई सुटी करा, एकेक भाग घ्या. तेलाची काजळी आधी गरम सोड्याच्या पाण्याने आणि मग चिंच किंवा बिंबलांनी काढून, धुऊन वाळवा. तेलकट भांडं बफला लावलं की बफ चिकट होऊन काळे ओघळ देतो. शिवलेल्या सुती बफावर पॉलिशच्या तपकिरी वडीने आधी ओरखडे घासून काढायचे, मग सुट्या पाकळ्यांच्या मऊ बफावर बारीक वडीने चकाकी. प्रत्येक वडीचा बफ वेगळा. एका बफावर दोन वड्या मिसळल्या की बारीक वडीचा उपयोग संपला, ओरखडे येतच राहतात. वडी फिरत्या बफाला सेकंदभर टेकवायची, थापायची नाही. काम मधल्या रेषेखाली, समोरच्या खालच्या भागात धरा, आणि वातीच्या वाटीची पातळ कड नेहमी फिरण्याच्या दिशेकडे, म्हणजे खाली तोंड करून. कड वर तोंड करून समोर आली की बफ तिला पकडून जमिनीवर आपटतो. जुन्या समईवर नक्षी असेल तर कडक सिसल (घायपाताच्या धाग्याचा) बफ नको, दोन-तीन वेळांतच नक्षी पुसट होते. लामणदिव्याची साखळी चाकाला कधीच लावू नका, ती गुंडाळली जाऊन हात ओढते. साखळी हातानेच घासा.

हातमोजे, ओढणी, सैल बाह्या दोन्ही यंत्रांपाशी नकोत. चष्मा आणि मास्क मात्र हवाच. पितळेत अनेकदा शिसं असतं, तेव्हा जेवणाआधी हात साबणाने धुवा. बफाचा कापसी भुसा साचू देऊ नका. ग्राइंडरच्या ठिणग्या त्यात पडल्या तर तो धुमसत राहतो. म्हणून बफिंगच्या दिवशी दगड वापरायचा नाही, किंवा आधी झाडून घ्यायचं.

यंत्र चिऱ्याच्या भिंतीला ब्रॅकेटने लावू नका. चिरा मऊ, थरथरीने फास्टनर सैल होतो. जाड फळीचं जड टेबल किंवा जमिनीत रोवलेला लोखंडी खांब करा. वायर 1.5 चौ. मि.मी., अर्थिंग तपासलेलं, आणि लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच). संध्याकाळी व्होल्टेज पडून मोटर नुसती हुंकारत राहिली तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं. पावसाळ्यात यंत्र महिनाभर पडून असेल तर शाफ्टच्या आट्यांना तेलाचा हात द्या. चाकं कोरड्या जागी, आडवी नको, कडेवर उभी. ओल प्यायलेलं चाक एका बाजूला जड होतं, ते फिरवण्याआधी चांगलं वाळवा आणि पुन्हा ठोकून आवाज घ्या. बफ पिशवीत बांधून ठेवले की बुरशी धरतात, ते काढून मोकळ्या हवेत टांगा.