दहा शनिवारांचा सिझन: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या तिसऱ्या डिव्हिजनबद्दल, म्हणजे जिथे पोरं पैसे न घेता खेळतात त्या फुटबॉलबद्दल, मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. हा हेल्मेट घालून, हातात लंबगोल बॉल घेऊन खेळायचा फुटबॉल, आपल्या कामठीचा नाही, एवढं नवीन वाचकांसाठी.

भाऊ, माझा भाचा तिकडेच जन्मला-वाढला, आता ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात शिकून राहिला अन् तिथल्या फुटबॉल टीममध्ये आहे. माझा भाऊ म्हणतो खेळाची एक रुपयाची स्कॉलरशिप नाही, फी घरूनच भरावी लागते. मग हा पोट्टा रोज एवढे तास मैदानावर काहून घालवतो?
*एक आत्या, प्रताप नगर*

ताई, तुमचा भाऊ बरोबर सांगतो. तिकडे कॉलेजचे खेळ चालवणारी मोठी संस्था म्हणजे एनसीएए, आणि तिने कॉलेजांचे तीन थर केलेत. टीव्हीवर खचाखच भरलेली अवाढव्य स्टेडियमं दिसतात ती डिव्हिजन वनची, त्यातही फुटबॉलपुरते दोन भाग आहेत. कितीतरी वर्षं वरच्या भागात एका टीमला ८५ स्कॉलरशिप देता यायच्या, खालच्या भागात ६३, आणि डिव्हिजन टूला ३६, ज्या तुकडे करून जास्त पोरांत वाटल्या जातात. २०२५ पासून वरचं गणित बदललं कारण कोर्टातल्या समझोत्यानंतर मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागली. डिव्हिजन थ्रीचा आकडा मात्र पहिल्यापासून शून्य आहे आणि आजही शून्यच आहे. घरची परिस्थिती बघून मदत मिळते, मार्क चांगले असतील तर मिळते, पण फुटबॉल खेळतो म्हणून वेगळं काहीच नाही.

आता काहून खेळतो ते सांगतो. फीमधली सवलत खेळावर अवलंबून नसल्यामुळे हा मुलगा उद्या सकाळी टीम सोडून गेला तरी त्याचं एका पैशाचंही नुकसान होत नाही. कोच त्याला त्या बाबतीत धाक घालूच शकत नाही. म्हणजे ऑगस्टच्या उन्हात जी शंभरेक पोरं मैदानावर उभी असतात त्यातला प्रत्येक जण स्वतःच्या मर्जीनं उभा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना माहीत असतं की हे चार सिझन झाले की हा खेळ आयुष्यातून संपला, कारण क्रिकेटसारखं रविवारी गल्लीत खेळता येईल असा हा खेळ नाहीच. म्हणून मला या डिव्हिजनबद्दल इतका आदर आहे. भाच्याला एक विचारा, त्याची टीम माउंट युनियनशी खेळते का? ओहायोतल्या अलायन्स नावाच्या गावातलं हे कॉलेज, डिव्हिजन थ्रीत तेरा वेळा देशात पहिलं आलंय. लॅरी केहरेस नावाचे कोच तिथे १९८६ ते २०१२ होते, ३३२ मॅच जिंकले आणि फक्त २४ हरले. त्यांच्याशी खेळून आला असेल तर हरला तरी त्याची पाठ थोपटा.

सर, मी रेशीमबागेत पोरांना कबड्डी शिकवतो. या खेळाचे व्हिडिओ पाहिले, नुसती धडकाधडकी. रोज प्रॅक्टिसला एवढं धडकून पोरं टिकतात कशी?
*एक कबड्डी कोच*

तुमचा प्रश्न त्या खेळाच्या अगदी मुळाशी जातो. त्या काळी या खेळात इतकी पोरं मरायची की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं, आणि त्या गडबडीतूनच पुढच्या वर्षी ती संस्था जन्मली जिचं नाव आज एनसीएए. डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न आजही सुटलेला नाही, वर्षानुवर्षं डोकं आपटून मेंदूवर कायमचा परिणाम होतो हे डॉक्टरांनी दाखवून दिलंय, आणि ज्यांच्या घरातलं पोरगं खेळतं त्यांनी हे डोळे उघडे ठेवून वाचलंच पाहिजे.

पण तुम्हाला एका कोचबद्दल सांगायचंय. जॉन गॅग्लियार्डी. १९४३ मध्ये त्यांच्या शाळेच्या कोचला युद्धावर जावं लागलं तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलाने स्वतःच टीम चालवायला घेतली. पुढे मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात १९५३ ते २०१२ ते कोच होते आणि एकूण ४८९ मॅच जिंकून रिटायर झाले. कॉलेज फुटबॉलमध्ये, वरच्या डिव्हिजनसकट, इतक्या मॅच कुणीच जिंकलेल्या नाहीत. आणि त्यांच्या प्रॅक्टिसमध्ये टॅकल नसायचं! कुणी कुणाला खाली पाडायचं नाही, शिट्टी नाही, दीड तासाच्या वर प्रॅक्टिस नाही, आणि कोच म्हणायचं नाही, जॉन म्हणायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं, पाडायचं कसं हे पोरांना येतंच, कुणाला आणि कुठे पाडायचं हे डोक्याने ठरतं, तेव्हा प्रॅक्टिसमध्ये चाल बघा, परत बघा, पाय कुठे पडतोय ते बघा आणि शनिवारी ताजेतवाने उतरा. या पद्धतीने चार वेळा देशात पहिले आले, शेवटचं २००३ मध्ये. डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी ट्रॉफी त्यांच्याच नावाची आहे. तुमच्या पोरांवर एक आठवडा करून बघा, पकडीची फक्त जागा आणि वेळ, आपटाआपटी बंद, आणि मला नक्की कळवा.

एक मॅच हरली की सिझन गेला असं म्हणतात, खरंय का? सिझन नेमका चालतो कसा?
*इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड*

अर्धं खरं. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दर शनिवारी एक अशा दहा मॅच. जवळपासच्या आठ-दहा कॉलेजांची एक कॉन्फरन्स असते आणि बहुतेक मॅच त्यांच्यातच होतात. कॉन्फरन्स जिंकली की बाद फेरीत थेट प्रवेश, बाकी थोड्या जागा उरलेल्यांतून निवडून देतात. एकूण २४० च्या आसपास टीम, आणि बाद फेरीत २०२३ पर्यंत ३२, २०२४ पासून ४०. म्हणजे एक मॅच हरली तर जीव टांगणीला लागतो आणि दोन हरली तर बहुतेकांचं संपतंच. दुसरीकडे फायनलपर्यंत जाणारी टीम पंधराएक मॅच खेळते आणि मध्येच सेमिस्टरच्या परीक्षाही येतात.

मला यातली एक गोष्ट मनापासून खटकते. पैसे कमी म्हणून सगळं बसने. बरीच वर्षं हिशोब असा होता की पाचशे मैलांच्या आत असाल तर बसने जा, त्याच्या पुढे असेल तरच विमानाचा खर्च. मग बाद फेरीच्या जोड्या कोण किती चांगलं खेळतं यापेक्षा कोण कुणाच्या जवळ राहतं यावर लागायच्या, आणि टेक्सासमधली मेरी हार्डिन-बेलर आणि हार्डिन-सिमन्स अशी दोन तगडी कॉलेजं सुरुवातीच्याच फेरीत एकमेकांच्या गळ्यात पडायची, कारण शेजारी दुसरं कुणी नाही. दहा शनिवार राबलेल्या पोरांवर हा अन्यायच आहे.

मी क्रिकेटची फॅन, हा खेळ नवीन. कुठला तरी एकच सिझन सांगा जो वाचून मजा यावी.
*धरमपेठेतून एक वाचक*

२०२३. अजिबात विचार न करता २०२३.

शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावातलं नॉर्थ सेंट्रल कॉलेज तेव्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसलेलं होतं. २०१९ ते २०२४ पर्यंत जितक्या फायनल झाल्या, २०२० ची कोविडमुळे झालीच नाही, त्या सगळ्यांत ही टीम होती. २०२२ चा अख्खा सिझन अजिंक्य, २०२३ मध्येही फायनलपर्यंत एकही हार नाही, म्हणजे सलग २९ विजय. समोर न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्टलँड. सरकारी कॉलेज, शाळांना पीटीचे शिक्षक पुरवण्यासाठी ओळखलं जाणारं, फायनलला पहिल्यांदाच पोचलेलं. मोठ्या गर्दीची मात्र त्यांना सवय होती, कारण शेजारच्या इथाका कॉलेजशी त्यांची वर्षातून एकदा एका जगसाठी, होय, पाणी ठेवायच्या जगसाठी, मॅच होते आणि २०१९ ची ती मॅच न्यूयॉर्कजवळच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये ४५,१६१ लोकांनी पाहिली.

फायनल १५ डिसेंबर २०२३ ला, व्हर्जिनियातल्या सेलम गावात. शेवटी शेवटी कॉर्टलँड ३८-३१ ने पुढे. घड्याळ संपत आलेलं, आणि नॉर्थ सेंट्रलने टचडाउन केलं, म्हणजे बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला, सहा पॉइंट, ३८-३७. आता नियम ऐका. टचडाउननंतर बॉल लाथेने दांड्यांमधून मारला की एक पॉइंट मिळतो, हे सोपं असतं, बरोबरी झाली असती आणि मॅच बहुधा एक्स्ट्रा टाइममध्ये गेली असती. किंवा तीन यार्डांवरून एकच चाल खेळायची, बॉल परत रेषेपलीकडे नेला तर दोन पॉइंट, म्हणजे जवळजवळ जिंकलेच. नाही नेला तर जवळजवळ हरलेच. दोन सिझन न हरलेल्या टीमने दोन पॉइंटचा रस्ता धरला. आणि कॉर्टलँडच्या पोरांनी ती एक चाल अडवली. ३८-३७. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी जिंकली तेव्हा आपल्याकडे जे वाटलं होतं ना, तसं त्या छोट्या गावाला वाटलं असणार.

माझं मत विचाराल तर नॉर्थ सेंट्रलचा निर्णय बरोबरच होता. जिंकायचं असेल तर स्वतःच्या हातात असताना जिंकायला जावं, आणि पुढच्या सिझनला त्यांनी माउंट युनियनला ४१-२५ हरवून कप परत आणलाच. बाद फेरी लांबल्यामुळे ती फायनल ५ जानेवारी २०२५ ला ह्यूस्टनमध्ये झाली.

मी रेल्वेतून रिटायर झालो. या खेळात आपल्या कामाचं काही आहे का?
*अजनीचे एक काका*

आहे काका, आणि तुम्हाला फार आवडेल! इंडियाना राज्यात वॉबॅश आणि डिपॉ ही दोन छोटी कॉलेजं आहेत, एकमेकांपासून तासाभराच्या आत. १८९० पासून त्यांच्यात मॅच होते आणि १९३२ पासून जिंकणाऱ्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची घंटा मिळते. खरी, जुनी, सुमारे ३०० पाउंडांची, म्हणजे एकशेपस्तीस किलोच्या वर. जो जिंकतो तो वर्षभर ठेवतो, आणि ज्याच्याकडे नाही तिथली पोरं ती पळवायच्या मागे असतात. १९६५ मध्ये वॉबॅशच्या एका विद्यार्थ्याने मेक्सिकोहून आलेला पाहुणा असल्याची बतावणी केली, डिपॉच्या लोकांकडून घंटा कुठे ठेवलीय ते गोड बोलून काढून घेतलं आणि मग मित्रांनी ती उचलून नेली. मॅच सिझनच्या अगदी शेवटच्या शनिवारी असते, त्यामुळे दहापैकी नऊ हरलेली टीमसुद्धा त्या दिवशी जीव तोडून खेळते. घंटा मिळाली तर सिझन चांगला गेला असंच ते धरतात.

आमच्या कॉलेजची मुलींची कबड्डी टीम यंदा पोरीच नाहीत म्हणून नाव मागे घेऊन बसली. तिकडे असं होतं का? फार वाईट वाटतंय.
*बी.ए. दुसरं वर्ष, मानेवाडा*

होतं गं. आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजने २०१९ चा सिझन ३९ खेळाडूंवर सुरू केला, जिथे इतरांकडे शंभर असतात. तीन मॅच झाल्या, तिन्ही हरल्या, दुखापती होत गेल्या आणि धड उभे राहू शकतील असे २८ उरले. मग पोरांनीच बसून ठरवलं की उरलेला सिझन खेळायचा नाही, कारण थकलेल्या आणि कमी पडलेल्या टीमने या खेळात उतरणं म्हणजे कुणाचीतरी मान किंवा डोकं जाणं. कॉलेजने त्यांचं ऐकलं. लोक बोललेच असतील, पळाले वगैरे, पण मला त्या पोरांचा निर्णय अतिशय धीराचा वाटतो. आणि कोविडनंतर २०२१ मध्ये ग्रिनेलची टीम परत मैदानावर आली. तुम्ही पुढच्या जूनमध्ये ॲडमिशन सुरू होतात तेव्हाच फर्स्ट इयरच्या पोरींना गाठा, सप्टेंबरपर्यंत थांबू नका.

इथून कुणी एनएफएलमध्ये जातं का?
*सदर भागातून एक वाचक*

एनएफएल म्हणजे तिकडची पगारी खेळाडूंची सगळ्यात मोठी लीग, आणि सुपर बोल ही तिची फायनल. तिथे जातात फार थोडे. माउंट युनियनचा पिएर गार्सन २०१३ मध्ये ११३ कॅचसह अख्ख्या एनएफएलमध्ये पहिला होता. होबार्ट कॉलेजचा अली मार्पेट टॅम्पा बेकडून सुपर बोल जिंकला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सचे कोच निक सिरियानी, तेही माउंट युनियनचेच खेळाडू.

नागपुरात बसून बघता येईल का?
*पाच-सहा जणांनी विचारलंय*

येईल. बरीच कॉलेजं स्वतःच्या वेबसाइटवर मॅच लाइव्ह दाखवतात, अनेक ठिकाणी फुकट, कॉमेंट्री कधीकधी तिथलेच विद्यार्थी करतात. ओहायो-न्यूयॉर्ककडची दुपारी एकची मॅच आपल्याकडे शनिवारी रात्री साडेदहाला लागते, मिनेसोटा-इलिनॉयची साडेअकराला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यानंतर दोन्ही एक तास उशिरा धरा. सगळ्या टीम बघत बसू नका, कुठलंही एक कॉलेज निवडा आणि त्याचेच दहा शनिवार बघा. घंटेची मॅच नोव्हेंबरच्या मध्यात असते, अजनीच्या काकांनी तेवढी तरी चुकवू नये.