वाचक विचारतात : रूळ जिथे संपतात तिथले प्रश्न

टर्मिनसविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : टर्मिनसवर दहा-बारा फलाट असतात, तरी गाड्या बाहेर सिग्नलपाशी ताटकळत उभ्या राहतात. मधल्या स्थानकांवर दोनच फलाट असूनही गाड्यांची रांग सुरळीत पुढे सरकते. असे का?

अडचण फलाटांची नसते, फलाटांपर्यंत जाणाऱ्या वाटेची असते. मधल्या स्थानकावर गाडी एका टोकाने येते, अर्धा-एक मिनिट थांबते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. टर्मिनसवर आलेली गाडी आली त्याच तोंडाने बाहेर पडते. फलाटांच्या तोंडाशी सांध्यांचे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या हलत्या रुळांचे, जाळे असते, आणि येणारी गाडी या टोकाच्या रुळावरून त्या टोकाच्या फलाटाकडे वळली की तिच्या वाटेत येणारे सगळे मार्ग तेवढा वेळ बंद. आता हिशेब करा. गाडी 250 मीटर लांब, सांध्यांचा पट्टा 200 मीटरचा आणि वेग ताशी 25 किलोमीटर. शेवटचा डबा सांध्यांतून मोकळा व्हायला 65 सेकंद लागतात. त्यानंतर सांधे फिरणार, कुलूपबंद होणार, सिग्नल मिळणार आणि मग पुढची गाडी हलणार. फलाट बारा असोत की वीस, हे तोंड तेवढेच राहते.

म्हणून टर्मिनसचा चांगला आराखडा ओळखायचा असेल तर फलाट मोजू नका. एक गाडी आत येत असताना त्याच क्षणी दुसरी बाहेर पडू शकते का, हे पाहा. वेळापत्रक आखणारे लोक अशा जोड्या जुळवण्यातच आपले कसब लावतात. येणारी गाडी दोन मिनिटे उशिरा आली की जोडी फुटते, जाणारी गाडी अडते, तिचा फलाट रिकामा होत नाही आणि त्या फलाटासाठी आलेली तिसरी गाडी बाहेर उभी राहते. दोन मिनिटांचा उशीर आठ-दहा मिनिटांवर जातो तो असा.

दुसरा भाग फलाटावर जाणाऱ्या वेळेचा. विजेच्या उपनगरी गाडीला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. चालक एक केबिन बंद करतो, गर्दीतून अडीचशे मीटर चालत जातो, दुसरी केबिन सुरू करतो आणि ब्रेक तपासतो. यात सहा मिनिटे धरा, येण्या-जाण्याची दोन मिनिटे मिळवा. आठ मिनिटांना एक गाडी, म्हणजे एका फलाटावरून तासाला सातच. यावरचा उपाय फार सोपा आहे. दुसरा चालक फलाटाच्या बाहेरच्या टोकाला आधीच उभा ठेवायचा. गाडी थांबताच तो मागची केबिन ताब्यात घेतो आणि उतरलेला चालक पुढच्या गाडीसाठी चालू लागतो. थांबा तीन मिनिटांवर येतो आणि तोच फलाट तासाला बारा गाड्या फिरवू शकतो. एक विटही न रचता मिळालेली ही वाढ आहे, आणि नवे फलाट मागण्याआधी नेहमी हीच तपासावी असे आमचे ठाम मत आहे.

इंजिन लावलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीचे गणित वेगळे. तिचे इंजिन बफर, म्हणजे रुळाच्या टोकाचा अडथळा, आणि पहिल्या डब्याच्या मध्ये अडकते. दुसऱ्या टोकाला दुसरे इंजिन आणायचे, जोडायचे, ब्रेकची नळी जोडून हवेचा दाब तपासायचा. अर्धा-पाऊण तास सहज जातो. जुन्या टर्मिनसवर इतके फलाट बांधले गेले त्याचे मोठे कारण हेच.

कायमचा इलाज म्हणजे बंद टोक फोडणे. बेल्जियममधल्या अँटवर्प सेंट्रल स्थानकाची 1905 साली पूर्ण झालेली घुमटाची इमारत तशीच ठेवून तिच्या पोटातून बोगदा काढला. 2007 पासून गाड्या तिथे उलट न फिरता सरळ पुढे जातात. झुरिकच्या मुख्य स्थानकाखाली 2014 साली असेच आरपार फलाट सुरू झाले.

प्रश्न : बंद टोकाच्या फलाटावर गाडीचे बाहेर पडण्याच्या दाराजवळचे डबे खच्चून भरतात आणि शेवटचे रिकामे राहतात. यावर काही करता येते का?

सर्व प्रवासी एकाच टोकाने येतात, त्यामुळे हे होणारच. फलाटाच्या मध्यावर एक जिना किंवा पूल दिला की गर्दी आपोआप विभागते. तो बांधताना जिन्याची रुंदी मात्र मोजून घ्यावी. गर्दीच्या वेळी एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून मिनिटाला साधारण साठ माणसे जातात. हजार प्रवासी उतरले आणि जिना दोन मीटरचाच असेल तर तो मोकळा व्हायला आठ मिनिटांहून जास्त लागतील, आणि तोवर पुढची गाडी आलेली असेल. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल टर्मिनलमध्ये मोठ्या सामानानिशी चालणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी जिन्यांऐवजी उतार दिले आहेत. उतारावर माणूस अडखळत नाही, पाऊल मोजावे लागत नाही, म्हणून प्रवाह तुटत नाही.

प्रश्न : जुन्या टर्मिनसची छपरे इतकी प्रचंड का असत? केवळ दिमाखासाठी का?

दिमाख होता, पण आधी धूर होता. एकाच वेळी दहा इंजिने छपराखाली वाफ आणि धूर सोडत असतील तर त्याला वर चढायला आणि विरळ व्हायला जागा हवी. दुसरे कारण रुळांचे. छपराचा खांब रुळांच्या मधे उतरला की रुळांची मांडणी कायमची त्या खांबाला बांधली जाते. पुढे सांधे हलवायचे, फलाट रुंद करायचा म्हटले की खांब आडवा. म्हणून मधे खांबच नको, अशी अभियंत्यांची ओढ होती.

लंडनच्या सेंट पँक्रासचे छप्पर 1868 साली विल्यम बार्लो यांनी उभारले. एका कमानीची रुंदी सुमारे 73 मीटर, उंची सुमारे 30 मीटर, मधे एकही खांब नाही. कमान म्हटले की तिचे पाय बाहेर सरकू पाहतात, आणि ते धरून ठेवायला एरवी हवेत आडव्या सळ्या ताणाव्या लागतात. इथे तशा सळ्या दिसत नाहीत, कारण ते काम फलाट पेलणारी चौकटच करते. जवळचा कालवा ओलांडून येणारी गाडी रस्त्याच्या पातळीपेक्षा उंचावरच राहते, त्यामुळे फलाटाखाली अख्खा मजला मिळाला. फलाट पेलणाऱ्या लोखंडी तुळया कमानीच्या दोन्ही पायांना बांधून ठेवतात. खालच्या मजल्यावर बर्टन गावाहून येणारी बिअरची पिंपे साठवायची होती, म्हणून तिथल्या खांबांमधले अंतर पिंपांच्या मापाने ठरवले. आज त्याच मजल्यावर प्रवाशांची ये-जा चालते.

अशा छपरांना सांभाळणे मात्र कठीण. कोळशाच्या धुरातला गंधक ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि लोखंड खातो. रंग वेळेवर दिला नाही तर जोडांपाशी गंज आधी धरतो. कधी दोष मुळातच धातूत असतो. लंडनच्याच चेरिंग क्रॉस स्थानकाचे छप्पर 5 डिसेंबर 1905 रोजी कोसळले, सहा जण गेले. कमानीचे पाय धरणारी एक सळी सदोष जोडापाशी तुटली होती. एक सळी गेली की तिचा भार शेजारच्या कमानीवर, मग तिच्या शेजारच्या, असे होत जाते.

त्यानंतर विचार पालटला. अमेरिकेत लिंकन बुश या अभियंत्याने होबोकन इथे 1907 च्या सुमारास अगदी बुटके छप्पर केले आणि प्रत्येक रुळाच्या बरोबर वर लांब फट ठेवली. धुराडे फटीखालून जाते, धूर थेट आकाशात. खर्च कमी, दुरुस्ती शिडीवरून. आणि मग वीज आली. न्यू यॉर्कमध्ये 8 जानेवारी 1902 रोजी बोगद्यातल्या धुरात चालकाला सिग्नल दिसला नाही आणि टक्कर होऊन 15 जण मेले. कायद्याने 1908 च्या जुलैपासून मॅनहॅटनमध्ये वाफेच्या इंजिनांना बंदी घातली. धूर गेल्यावर रूळ जमिनीखाली दोन मजल्यांत रचता आले, वरची मोकळी जागा इमारतींसाठी देता आली, आणि 1913 साली ग्रँड सेंट्रल उघडले तेव्हा भव्य दालन प्रवाशांसाठी होते, इंजिनांसाठी नव्हे. आजच्या साध्या शेडला नावे ठेवण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

प्रश्न : स्थानकाची भिंत फोडून रस्त्यावर लटकलेल्या इंजिनाचा जुना फोटो पाहिला. रुळाच्या टोकाचा बफर गाडी थांबवत नाही का?

तो फोटो पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकाचा, 22 ऑक्टोबर 1895 चा. उशीर भरून काढण्यासाठी गाडी वेगात आत आली, ब्रेक वेळेत लागले नाहीत. डब्यांतले प्रवासी वाचले, पण खाली रस्त्यावर उभी असलेली एक महिला पडलेल्या दगडांखाली गेली.

बफर हा शेवटचा आधार आहे, ब्रेकला पर्याय नाही. 400 टनांची गाडी ताशी 10 किलोमीटरने आदळली तर सुमारे 15 लाख जूल ऊर्जा जिरवावी लागते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. काँक्रीटच्या ठोकळ्यावर गाडी वीत-दीड वीत अंतरात थांबते, आणि तो सगळा धक्का उभ्या प्रवाशांना बसतो. तेलाच्या दट्ट्याचा बफर तोच धक्का एक-दोन मीटरवर पसरवतो. घर्षणाचा बफर रुळाला चिमट्यांनी आवळलेला असतो आणि धडकेनंतर काही मीटर घसरत जातो. याच्या मागची घसरण्याची जागा पूर्ण मोकळी लागते. प्रत्यक्षात तिथे बाक, कुंड्या, जाहिरातीचे फलक येऊन बसतात. ते दिसले तर स्थानकप्रमुखाकडे लेखी तक्रार जरूर करा. धडकेनंतर चिमट्यांचे बोल्ट पुन्हा ठरल्या जोराने आवळावे लागतात, आणि चिमट्यांखालच्या रुळावर तेलकट थर चढला तर बफर ठरल्यापेक्षा लांब घसरतो.

होबोकन इथे 29 सप्टेंबर 2016 रोजी गाडी ताशी सुमारे 34 किलोमीटरने बफरवर आदळून थेट प्रवाशांच्या जागेत शिरली. मर्यादा 16 ची होती. दुप्पट वेग म्हणजे चौपटीहून जास्त ऊर्जा, ती कोणताही बफर पेलत नाही. खरे उत्तर आहे वेग आपोआप तपासणारी यंत्रणा. लंडनच्या भुयारी रेल्वेत 1975 साली मूरगेटच्या बंद बोगद्यात 43 माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या बंद टोकाच्या फलाटांवर, वेग जास्त असेल तर चालकाला न विचारता ब्रेक लावणारी सोय बसवण्यात आली.

प्रश्न : आमच्या संस्थेला छोट्या बस टर्मिनलच्या आराखड्यावर सूचना पाठवायच्या आहेत. काय तपासावे?

पहिली गोष्ट बसच्या जागांची संख्या. तासाला 60 बस सुटत असतील आणि प्रत्येक बस जागेवर 10 मिनिटे उभी राहत असेल, तर 60 गुणिले 10 भागिले 60, म्हणजे 10 जागा. उशिराने येणाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन. पण चालकाची जेवणाची सुट्टी, पुढच्या फेरीची वाट पाहणे हे सगळे त्याच जागेवर झाले आणि सरासरी 25 मिनिटांवर गेली, तर 25 जागा लागतील. म्हणून चढण्या-उतरण्याच्या जागा वेगळ्या आणि उभ्या करण्याच्या जागा वेगळ्या असाव्यात. आराखड्यात ही विभागणी नसेल तर टर्मिनल पहिल्याच वर्षी तुंबेल.

मग जागांचा आकार. सरळ काठाला एकामागे एक बस लावल्या तर पुढची हलल्याशिवाय मागची निघत नाही. निघता यावे म्हणून अंतर सोडले तर प्रत्येक बसला तिच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट काठ लागतो. करवतीच्या दात्यांसारखा तिरपा काठ असेल तर कमी काठात प्रत्येक बस स्वतंत्रपणे येते-जाते आणि दारही काठाला लागते. तोंड काठाकडे करून बस लावण्यात जागा सर्वांत कमी जाते, पण निघताना मागे घ्यावी लागते. मागे जाणारी बस आणि मधून धावणारे प्रवासी हा टर्मिनलमधल्या अपघातांचा नेहमीचा मेळ आहे. लांब पल्ल्याच्या, तासाला एखादी सुटणाऱ्या बसला ही पद्धत चालेल. दर पाच मिनिटांच्या फेऱ्यांना अजिबात नको.

बसचे मागचे टोक विसरू नका. 12 मीटरच्या बसचा मागच्या चाकांमागे साधारण तीन मीटर भाग लोंबता असतो. चालकाने काठापासून बस झटकन वळवली की हा भाग उलट दिशेला, काठावर झेपावतो. त्यामुळे छपराचे खांब काठाच्या कडेपासून किमान अर्धा-पाऊण मीटर आत हवेत. आरसेही तेवढ्यात वाचतात. छपराची कड बसच्या टपावर थोडी पुढे यावी, नाहीतर पागोळ्या नेमक्या दारात पडतात. बस उभी राहते तिथे डांबर नको, काँक्रीट हवे. उभ्या बसच्या चाकांखाली डांबर दबून खड्डे पडतात, आणि ठिबकणारे डिझेल ते विरघळवते.

शेवटचे तपासायचे ते प्रवेशद्वार. बस रस्त्यावरच्या वाहतुकीत अडकून आत येत असेल तर आतली सगळी आखणी वाया. न्यू यॉर्कचे पोर्ट ऑथॉरिटी बस टर्मिनल 1950 मध्ये उघडले तेव्हा त्याला लिंकन बोगद्यापासून थेट वर चढणारे स्वतंत्र उतार दिले होते. छोट्या टर्मिनललाही निदान आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तोंडे वेगळी असावीत.

प्रश्न : मोठ्या दालनात घोषणा कळतच नाहीत. आवाज वाढवायला सांगावे का?

नाही. दगड, काच आणि फरशीच्या दालनात आवाज विरायला तीन-चार सेकंद लागतात. बोलणारा सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारतो, म्हणजे प्रत्येक अक्षर आधीच्या पंधरा-वीस अक्षरांच्या प्रतिध्वनीत बुडते. आवाज वाढवला की प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो. उंच भिंतीवरचे दोन मोठे कर्णे काढून माणसांच्या जवळ, त्यांच्याकडे तोंड केलेले पुष्कळ छोटे स्पीकर हळू आवाजात लावावेत. ओळीतल्या पुढच्या स्पीकरना किंचित विलंब द्यावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, म्हणजे 34 मीटर दूरच्या स्पीकरला एक दशांश सेकंद. हे केले नाही तर एकच वाक्य दोनदा ऐकू येते. चाचणी रात्री रिकाम्या दालनात करून भागत नाही. माणसे आवाज शोषतात आणि गोंगाटही करतात, म्हणून ती गर्दीच्या वेळी करावी.

मजकुराचा क्रमही महत्त्वाचा. गाडीचा क्रमांक, मग नाव, मग वेळ, मग फलाट आणि शेवटी गाव, अशा घोषणेत प्रवासी आपल्या गावाचे नाव ऐकून कान टवकारतो तोवर फलाट क्रमांक निघून गेलेला असतो. आधी गाव, मग वेळ, शेवटी फलाट. आणि फलाट क्रमांक दोनदा.