डॉक्टर लोक सारखे सीएमईला जातात, त्याचा पेशंटला खरंच काही उपयोग होतो का?

तुमचं म्हणणं असं की कोथरूडचे तुमचे फॅमिली डॉक्टर महिन्यातून दोनदा तरी "आज सीएमई आहे" (म्हणजे कंटिन्युइंग मेडिकल एज्युकेशन, डॉक्टरांचं पास झाल्यानंतरही चालू राहणारं शिक्षण) म्हणून दवाखाना लवकर बंद करतात, आणि तुमचे मेव्हणे म्हणतात की ते सगळं फुकट जेवायचं निमित्त असतं. मी स्वतः जीपी, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर आहे, सिंहगड रोडला दवाखाना आहे, या कार्यक्रमांना कित्येक वर्षं जातोय. मेव्हणे अर्धे बरोबर आहेत.

आधी नियम सांगतो. मेडिकल काउन्सिल ऑफ इंडियाच्या 2002 च्या नियमांत आहे की डॉक्टरने 5 वर्षांत किमान 30 तास अशा शिक्षणासाठी द्यायचे, आणि आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचं रजिस्ट्रेशन 5 वर्षांनी रिन्यू करताना तेवढे 30 क्रेडिट पॉइंट लागतात. म्हणजे सरासरी वर्षाला 6. त्यामुळे तुमचे डॉक्टर महिन्यातून दोनदा जात असतील तर पॉइंटसाठी नक्कीच जात नसणार, ते कधीच भरले असतील. आणि पॉइंट मिळतो तो हजेरीचा. काउन्सिलचा ऑब्झर्व्हर येतो, सही होते, पण तुम्ही काय शिकलात हे कुणी विचारत नाही, दुसऱ्या दिवशी ओपीडीत काय बदललं हे तर नाहीच नाही.

आता उपयोगाचं. यावर भरपूर रिसर्च झालाय. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये 215 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर अशा मीटिंगांमुळे डॉक्टरांच्या प्रॅक्टिसमध्ये योग्य दिशेने पडणारा फरक साधारण 7 टक्के पॉइंट निघाला, म्हणजे 100 पेशंटमागे साधारण आणखी 7 जणांना बरोबर ट्रीटमेंट मिळाली. ऐकायला फारच कमी वाटतं, पण शहरभरचे जीपी रोज किती पेशंट बघतात त्याचा हिशोब केला की तितकंही कमी नाही. उलट बाजूचं पण ऐका, 2005 मध्ये ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन या वैद्यकीय जर्नलमध्ये एक आढावा आला होता, त्यात निम्म्याहून जास्त अभ्यासांत प्रॅक्टिसची वर्षं वाढतात तसा दर्जा घसरताना दिसला. लोक म्हणतात ना "डॉक्टर जुने आहेत, अनुभवी आहेत", तर नुसता अनुभव पुरत नाही, आपण ज्या साली पास झालो त्या सालातच अडकून बसायची भीती असते, आणि हे माझ्या वयाच्या सगळ्यांना लागू आहे.

पण सीएमई-सीएमईत फरक असतो. एक प्रकार म्हणजे हॉटेलचा बँक्वेट हॉल, बाहेर कंपन्यांचे स्टॉल, आत साहेब 90 स्लाइड 40 मिनिटांत पळवतायत, अर्ध्या स्लाइड अमेरिकन ट्रायलच्या, ज्यातलं औषध माझ्या पेशंटला परवडणारच नाही, मागच्या रांगेत व्हॉट्सॲप चालू, आणि शेवटी प्रश्न विचारायला वेळच नाही कारण जेवण थंड होतंय. हा प्रकार मेव्हण्यांनी पाहिला असणार.

दुसरा प्रकार सांगतो. जानेवारी 2025 मध्ये आमच्या भागात, म्हणजे पुण्याजवळचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडतात) पेशंट निघाले, पेपरात वाचलं असेलच, संशयित आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काही जणांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. एरवी जीपीला हा आजार अख्ख्या करिअरमध्ये एखाददुसरा दिसतो. तेव्हा एका न्यूरॉलॉजिस्टनी आसपासच्या डॉक्टरांना एकत्र बसवलं, स्लाइड जवळपास नव्हत्याच, सरळ विचारलं की तुमच्या समोर पाय जड झालेत म्हणणारा माणूस बसलाय, काय कराल सांगा. मागच्या पंधरा दिवसांत जुलाब झाले होते का विचारा, पायाला मुंग्या येऊन अशक्तपणा वर सरकतोय का बघा, गुडघ्यावर हॅमर मारून पाय उडतो का बघा (किती जीपींच्या टेबलावर हॅमर असतो हा वेगळा विषय), आणि एका श्वासात वीसपर्यंत मोजायला सांगा, जमत नसेल तर ताबडतोब आयसीयू असलेल्या ठिकाणी पाठवा. स्टिरॉइडचं इंजेक्शन मारून घरी बसवू नका, या आजारात त्याने फायदा होत नाही, आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं हेच इलाज, आणि ते लवकर सुरू झाले तर उपयोग. त्या तासाभराचा पॉइंट मिळाला की नाही मला आठवत पण नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या भागातल्या डॉक्टरांची रेफर करायची पद्धत बदलली हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कारण उघड आहे, प्रश्न आमचा होता, पेशंट समोर होता आणि उद्या काय करायचं हे स्पष्ट होतं.

दम्याचं याच्या उलट झालं. दम्याच्या जागतिक गाइडलाइन म्हणजे जीना, त्यांनी 2019 मध्ये सांगून टाकलं की मोठ्यांना नुसता साल्ब्युटामॉलचा (निळा) पंप देऊन सोडू नका, श्वास मोकळा होतो पण आतली सूज तशीच राहते आणि मोठा अटॅक यायचा धोका राहतो, त्याच्या जोडीला श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. यावर मी किती लेक्चरं ऐकली सांगता येणार नाही, तरी नुसता निळा पंप घेऊन फिरणारे पेशंट आजही येतातच. का, तर माहिती पोचली पण अडचण दुसरीकडे आहे. पेशंट म्हणतो पंपाची सवय लागते, दुसरा स्टिरॉइड ऐकूनच घाबरतो, आणि पंप ओढायचा कसा हे दाखवायला गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं काढायची कुठून. हे स्लाइडवर नसतं. ज्या सीएमईत आमच्या हातात रिकामे पंप देऊन "आता तुम्ही ओढून दाखवा" म्हणाले, तिथे निम्म्या डॉक्टरांनाच नीट जमलं नाही, पण ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

म्हणून आम्ही काही जण हल्ली आपसातच बसतो, कुणाच्या तरी दवाखान्यात, चहा आणि वडापाववर. प्रत्येकाने अडलेली एक केस आणायची, नाव न सांगता. कधी कधी आपलेच आठवड्याचे घसादुखीचे केसपेपर काढून बघतो की किती जणांना अँटिबायोटिक दिलं आणि त्यातल्या किती जणांना खरंच ताप, टॉन्सिलवर पांढरे डाग, गळ्यात दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणं अशा अँटिबायोटिकची गरज सुचवणाऱ्या खुणा होत्या. लाज वाटते अधूनमधून. पॉइंट शून्य मिळतात, पण माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त बदल इथूनच होतो.

जेवणाचं राहिलं. मार्च 2024 मध्ये केंद्राने औषध कंपन्यांसाठी नवा कोड आणला, डॉक्टरांना गिफ्ट, परदेश टूर यावर त्यात बंदी आहे, कार्यक्रम कसे घ्यायचे यावरही बंधनं आहेत. तरी खर्च बऱ्याचदा कंपनीच उचलते, आणि स्पीकर त्याच कंपनीच्या नव्या गोळीबद्दल फारच गोड बोलायला लागला की आम्हालाही कळतं हो. प्रश्न एवढाच की कळूनही पेन त्या ब्रँडकडे वळतं का, तर हो, काही जणांचं वळतं.

तुम्हाला पेशंट म्हणून तपासायचं असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "परवाच्या सीएमईत काय नवीन होतं?" ज्याने मनापासून ऐकलंय तो उत्साहाने सांगत सुटेल, कदाचित तुमचीच एखादी जुनी गोळी बंद पण करेल. दवाखाना अचानक बंद असतो ही तक्रार मात्र रास्त आहे, त्यांना आदल्या दिवशी दारावर पाटी लावायला सांगा, आम्ही तर पेशंटच्या ग्रुपवर टाकतो.