आधारला दहा बोटं आणि दोन डोळे कशाला?

तुम्ही विचारलंय की देशभराच्या ओळखीसाठी दहा बोटं, दोन्ही डोळे आणि चेहरा एवढं सगळं कशाला, एक अंगठा पुरत नाही का, आणि जितकं जास्त तितकं सुरक्षित हे खरं का.

2012 च्या सुमारास मी कोल्हापुरात आधार नोंदणीच्या किटवर बसायचो. वडील उद्यमनगरच्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करणारे. तेव्हा हे उत्तर थोडं किटवरचं आणि थोडं घरातलं.

अंगठा पुरत नाही, याचं पहिलं कारण साधा हिशोब. ओळख पटवण्याची कामं दोन असतात आणि लोक ती एकच समजतात. रेशन दुकानात तुम्ही आधी नंबर सांगता आणि मशीन फक्त तुमच्याच साठवलेल्या ठशाशी ताडून बघतं. एकास एक. नोंदणीच्या वेळी मात्र ‘हा माणूस आधी दुसऱ्या नावानं येऊन गेलाय का’ हे बघायचं असतं, म्हणजे एकाची गाठ सगळ्यांशी. समजा, एका बोटाचा ठसा लाखात एकदा चुकून दुसऱ्याशी जुळतो. दुकानात ही चूक चालून जाईल. पण 100 कोटी नोंदींशी ताडलं तर नव्या प्रत्येक माणसामागे दहा हजार खोट्या जुळण्या निघतील! नंदुरबारच्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला पहिला आधार क्रमांक दिला, तेव्हापासून दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं घेतात ती मुख्यतः यासाठी. चेहऱ्यावर इथं भिस्त ठेवता येत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांचे चेहरे गोंधळात टाकतात. त्यांचे ठसे आणि बुबुळं मात्र वेगळी असतात. बुबुळ तर एकाच माणसाच्या उजव्या-डाव्या डोळ्यातही सारखं नसतं.

दुसरं कारण मला मशीनपेक्षा माणसांनी शिकवलं. आम्ही बोटं चार, चार, दोन अशी घ्यायचो: आधी एका हाताची चार, मग दुसऱ्याची चार, शेवटी दोन्ही अंगठे. कॉलेजच्या पोरांचं दोन मिनिटांत उरकायचं. गुऱ्हाळावरचा गडी, ऊसतोडीची बाई, चप्पल शिवणारे मामा आले की काच पुसा, हात धुवा, ओल्या फडक्यानं बोट पुसा, परत दाबा, असं चालायचं. वाळूत आयुष्य घालवलेल्या माझ्या वडिलांचे ठसे चारदा घेऊनही स्क्रीनवर लाल रंगच दाखवत होते. ज्यांचं हातावर पोट, त्यांच्याच हातावर रेषा उरत नाहीत. बुबुळ कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या आड असतं, त्याला ना वाळू लागते ना पाचट. आपल्या काळ्याभोर डोळ्यांत नुसत्या उजेडात फारसं काही दिसत नाही, पण कॅमेरा डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि नक्षी उघडी पडते. वडिलांचे डोळे पहिल्याच झटक्यात आले. त्या दिवशी घरी जिलेबी आणली होती, उगाच!

आता ‘जास्त म्हणजे सुरक्षित का’. इथं खरी मेख आहे, आणि ती ‘आणि’ की ‘किंवा’ या दोन शब्दांत आहे. समजा, खऱ्या माणसाला ठशाचं मशीन शंभरात 5 वेळा नाकारतं आणि डोळ्याचं 2 वेळा. ‘ठसा किंवा डोळा, काहीही चालेल’ म्हटलं, तर दोन्हीकडून परत जाणारा हजारात एखादाच. ‘ठसा आणि डोळा, दोन्ही हवेत’ म्हटलं, की शंभरातले 7 जण रिकाम्या पिशवीनं घरी. चोराच्या बाबतीत बरोबर उलटं: ‘किंवा’ म्हणजे त्याला दोन दारं, ‘आणि’ म्हणजे दोन कुलपं. बुबुळ ओळखण्याची पद्धत शोधणारे केंब्रिजचे जॉन डॉगमन यांनी तर दाखवलं होतं, की पक्क्या चाचणीला कच्ची चाचणी जोडली तर निकाल नुसत्या पक्क्या चाचणीपेक्षा वाईटही लागू शकतो.

म्हणून माझं मत असं, की नोंदणीला सगळं घ्या, रेशनला ‘किंवा’ ठेवा आणि बँकेतून पैसे काढताना ‘आणि’ लावा. आपल्याकडे गाडी पुष्कळदा उलटी चालली. रेशनला अंगठ्याचाच हट्ट आणि गावात अंगठ्यावर पैसे काढायला नुसता अंगठा. दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनची बोटं बनवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार काही राज्यांत उघडकीला आले ते यामुळेच. जिलेटिनच्या बोटांनी स्कॅनर फसतात हे जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी 2002 मध्येच दाखवलं होतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट कुठून बदलणार? तुम्हाला अंगठ्यावर पैसे काढायची गरज पडत नसेल, तर आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक (ठसे, डोळे, चेहरा) लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा थोडा वेळ उघडता येतं.

लहान मुलांचं थोडक्यात: पाच वर्षांखाली ठसे-डोळे घेतच नाहीत, नुसता फोटो. पुढं पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अपडेट करावं लागतं. ते राहिलं की नेमकं परीक्षेचा फॉर्म भरताना अडतं.

आणि घरात कुणाचा अंगठा उठत नसेल, तर अंगठ्यावर अडून बसू नका. नोंद दहाही बोटांची असते, त्यातलं कुठलंही चालतं. आमच्या दुकानदारानं वडिलांना दोनदा ‘उद्या या’ म्हणून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा मी सोबत गेलो आणि एकेक बोट लावून बघायला लावलं. डाव्या हाताची अनामिका लागली. मोल्डिंगच्या कामात तिला सगळ्यात कमी घासावं लागलं असणार. आता वडील दुकानात गेले की आधी तेच बोट पुढं करतात.