पणजोबा नावाने सापडत नसतात

चिरंजीव बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. पणजोबांचं नाव आणि आडनाव तू मिळेल त्या संकेतस्थळावर टाकून पाहिलंस, काही हाती लागलं नाही, आणि आता 'आपल्या घराण्याच्या नोंदीच नाहीत' असं ठरवून मोकळी झालीस. अगं, नोंदी आहेत. पण तू विचारतेस त्या नावाचा माणूस त्या काळी कागदावर बहुधा नव्हताच.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नागपूरकडच्या खेड्यात जन्मलेल्या मुलाला सरकारदरबारी आडनाव असेलच असं नाही. 'सोमा वल्द धोंडबा (म्हणजे धोंडबाचा मुलगा सोमा), मौजा अमुक, जात अमुक' एवढ्यावर काम भागायचं. बाई असेल तर 'जौजे', विधवा असेल तर 'बेवा', आणि पुढे नवऱ्याचं नाव. आडनाव नंतर चिकटलं; कुणाला शाळेत गुरुजींनी लावलं, कुणाला मिलच्या भरतीत बाबूने. थोरला भाऊ गावावरून '-कर' झाला आणि धाकटा जुन्याच नावाने राहिला, अशी घरं आपल्याकडे रग्गड आहेत. म्हणून आडनाव बाजूला ठेव. गाव, बापाचं नाव, जात आणि अंदाजे साल, एवढं आधी पक्कं कर.

आणि प्रत्येक कागद हातात घेताना एक विचार कर: हा कुणी लिहिला आणि कशापायी? आपल्या पूर्वजांची आठवण राहावी म्हणून सरकारने एक ओळही लिहिलेली नाही. सारा वसूल करायला, साथ मोजायला, वारसांचं भांडण मिटवायला, कुणाला आत टाकायला लिहिलं. ज्या कामासाठी कागद झाला त्या कामापुरता तो बहुतेक खरा असतो. बाकीचं ऐकीव धरायचं.

सुरुवात घरातून कर, पण आजीच्या पेटीतून नको. जात पडताळणीच्या फायलीतून कर. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा लागतो. त्यापायी तुझ्या एखाद्या काकाने किंवा चुलतभावाने कॉलेजच्या प्रवेशाच्या घाईत आजोबांच्या शाळेतल्या दाखल-खारीजची (प्रवेश आणि शाळा सोडल्याच्या नोंदवहीची) नक्कल, कोतवाल बुकाची नक्कल केव्हाच काढली असेल. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत दिवाणाखाली पडून असते. प्रवेश झाला की तिला कुणी हात लावत नाही. पिशवी माग. आतली वंशावळ मात्र जपून वाच. ती दाखला मिळावा म्हणून काढलेली असते. ज्या शाखेचा पुरावा सापडला ती ठळक, बाकीचे चुलते गायब, आणि मुली तर बहुतेक वेळा नाहीतच. शाळेतली जन्मतारीख १ जुलै दिसली तर ती गुरुजींची समज, पणजोबांचा वाढदिवस नव्हे.

कोतवाल बुकावर जरा थांबतो, कारण तुझ्यासारखी मुलं तिथेच निराश होऊन परततात. मध्य प्रांतात गावचा कोतवाल, म्हणजे गावचा चौकीदार, जन्म-मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात नेऊन देई आणि तिथे ती रजिस्टरात चढे; तेच हे कोतवाल बुक. बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच ही खबर जायची, तेव्हा बारसं झालेलं नसे. त्यामुळे बऱ्याच नोंदींत बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, बस्स. तू 'पणजोबांची जन्मनोंद' मागत राहशील आणि ती तुझ्या डोळ्यांसमोरून 'धोंडबा, मुलगा' म्हणून निघून जाईल. म्हणून त्या गावातल्या धोंडबाची सगळी मुलं लिहून काढ, जगलेली आणि गेलेलीही. दोन नोंदींतलं अंतर, मध्येच आलेला मृत्यू, यातून घर उभं राहतं. मृत्यूच्या रकान्यात जिकडेतिकडे 'ताप' असेल. कोतवाल काही डॉक्टर नव्हता. पण १९१८च्या शेवटच्या महिन्यांत एकाच घरात तापाने तीन-तीन माणसं गेलेली दिसली तर तो इन्फ्लुएन्झा समजायला हरकत नाही. मध्य प्रांताला त्या साथीने फार झोडपलं.

जमिनीचे कागद याहून बोलके असतात. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा सरकारला भरायची जबाबदारी मालगुजारावर. १८६०च्या दशकातल्या बंदोबस्तात (जमिनीची मोजणी आणि साऱ्याची आकारणी) मालगुजारांना मालकी हक्क मिळाले आणि १९५१ साली मालगुजारी संपली. या दोन टोकांमध्ये बंदोबस्ताच्या मिसली (फायली) आहेत, खसरा (शेतवार नोंदवही) आहे, गावचे रिवाज सांगणारं वाजिब-उल-अर्ज आहे, आणि शेवटी १९५४-५५चा अधिकार अभिलेख, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांची नोंद. तुझे लोक मालगुजार नसणार (असते तर तुला हे पत्र लागलं नसतं), कूळ असतील. कूळही खसऱ्यात येतं. शेत बापाकडून मुलांकडे गेलं की भावांची नावं एका ओळीत उतरतात, आणि ज्याचं नाव अचानक दिसेनासं होतं तो बहुधा गाव सोडून गेलेला असतो. १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांनंतर अशी नावं जागोजाग गळालेली दिसतील. ती कुठे गेली? बरीच नागपुरात आली. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७पासून चालू होती आणि तिला हात हवे होते.

एक पथ्य. रेकॉर्ड रूममधल्या बाबूला 'आमचे पूर्वज शोधायचे आहेत' असं सांगू नकोस, तो हात जोडून तुला बाहेर बसवेल. मौजा, तहसील, पटवारी हलका (पटवाऱ्याच्या हाताखालचा गावांचा गट) आणि चार-पाच वर्षांची मुदत लिहून नकलेचा अर्ज दे. तहसील त्या काळची लिही. जुन्या नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल एवढ्याच तहसिली होत्या. आजच्या बाकीच्या नंतर झाल्या. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होतं आणि गडचिरोली १९८२ पर्यंत चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. आधी जुन्या जमीन-नोंदींच्या 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर तुझं गाव आहे का ते घरबसल्या पाहा. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उपसली गेली, तेव्हा अनेक जिल्ह्यांनी स्कॅन केलेली पानं आपापल्या संकेतस्थळांवर टाकली. नोंद कुणब्याची शोधत होते, पण त्या पानावर शेजारचं घरही आहे. ते तुझं असू शकतं.

आता पणजीबद्दल. तुझ्या अख्ख्या मेलमध्ये तिचं नाव एकदाही आलं नाही. तुझा दोष नाही, आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव जातं आणि पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलतं. कागदावर ती दोनदा हरवते. पण एका कागदात बायका हमखास सापडतात, आणि तो कागद मला कधी आवडला नाही: हक्कसोडपत्र. बाप गेला, शेत भावांच्या नावावर करायचं, म्हणून बहिणींना रजिस्ट्री ऑफिसात आणून अंगठा घ्यायचा. तिथे मात्र लिहिणाऱ्याला तिची ओळख पक्की करावीच लागते. नाव, नवऱ्याचं नाव, वय, राहणार कुठली. जे घर चार पिढ्या तिचं नाव घेत नाही, त्या घराने तिच्याकडून हिस्सा सोडवून घेताना ते नाव नीट लिहून ठेवलेलं असतं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर असे कागद पुष्कळ झाले. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्तांची यादी) पाहायला माग, आणि वारसांचे फेरफारही. एक आत्या सापडली की तिच्या सासरच्या गावी दुसरी सोयरीक सापडते. सोयरिकी पुन्हा पुन्हा त्याच पंचक्रोशीत व्हायच्या.

सरहद्दींचं भान ठेव. १८५३ साली नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, १८५४त राज्य खालसा झालं, १८६१त मध्य प्रांत झाला, १९०३त वऱ्हाड त्याला जोडलं गेलं आणि १९५६त नागपूरची राजधानी गेली. सरकार हललं की फायलीही हलतात. जुन्या सचिवालयाचं काही इथल्या अभिलेखागारात, काही भोपाळला. गाव सौंसर-पांढुर्ण्याकडचं असेल तर ते मराठी मुलूख असूनही मध्य प्रदेशात राहिलं आणि कागद तिकडचे. वऱ्हाडात तर मालगुजारी नव्हतीच, रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरी. तिथली दप्तरं वेगळ्या नमुन्याची. कामठीच्या छावणीतलं कुणी असेल तर मद्रास फौजेच्या कागदांकडे बघावं लागतं, छावणी तिची होती. आणि घरात कुणी शिकलेला होता असं सांगतात ना? नागपूर विद्यापीठ १९२३चं. त्याआधीचा हिस्लॉप किंवा मॉरिस कॉलेजचा पदवीधर अलाहाबादच्या, आणि १९०४च्या आधीचा असेल तर कलकत्त्याच्या विद्यापीठाच्या कॅलेंडरात (वार्षिक पुस्तिकेत) शोधावा.

वर्तमानपत्रांचा नाद लागतो, आधीच सांगून ठेवतो. १९११चा 'हितवाद', १९१४पासूनचा ओगल्यांचा 'महाराष्ट्र', माडखोलकरांच्या हातचा 'तरुण भारत'. जुनं छापील मराठी मशीनला अजूनही चकवतं, पुसट शाई आणि तुटकी वेलांटी असली की 'रामजी'चा 'गमजी' होतो. त्यामुळे शोधखिडकीवर विसंबू नकोस, अंक चाळ. पण सगळे चाळू नकोस. आधी घटना ठरव, महिना ठरव, मग तेवढेच. १९२३चा झेंडा सत्याग्रह, १९३०चा जंगल सत्याग्रह: पकडलेल्यांची नावं गावासकट छापून यायची. कोर्टाच्या जाहीर नोटिसा, लिलाव, परीक्षांचे निकाल, फंडाला दिलेल्या देणग्या, हरवल्याच्या जाहिराती. बातमीपेक्षा हा मजकूर आपल्या कामाचा. अग्रलेख वाचत बसलीस तर संध्याकाळ जाईल. जाऊ दे एखादी.

हेही लक्षात असू दे की ही पत्रं ज्यांची होती त्यांच्याच लोकांची नावं त्यांत जास्त येणार. मिलमजूर आणि दलित वस्त्यांसाठी किसन फागूजी बनसोड्यांनी १९१८त 'मजूर पत्रिका' काढली, पुढे १९३१त 'चोखामेळा'. अशा पत्रांचे अंक विस्कळीत मिळतात, पण तुझे पणजोबा मिलमध्ये होते तर मी आधी तिथे पाहीन. अंकच नष्ट झाला असेल तर आणखी एक वाट आहे: देशी पत्रांत काय छापून आलं याचा इंग्रजी सारांश सरकार गुप्तपणे करून घेई. ते अहवाल उरले आहेत, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' तर फोनवरही उघडतं.

तारखांचा घोळ होईल. शकात ७८ मिळव, विक्रम संवतातून ५७ वजा कर. भोसल्यांच्या काळातल्या फसलीत (सारावसुलीच्या सनात) ५९० मिळव; उत्तरेकडची फसली वेगळी, तिथे ५९२ किंवा ५९३. वर्षाची सुरुवात जानेवारीत नसल्यामुळे एका वर्षाचा फरक राहतो, त्यावर भांडू नये. भोसलेकालीन कागद मोडीत आहेत. मोडी तू दोन महिन्यांत शिकशील, शिकवणारे नागपुरात आहेत.

घरचं कुणी अस्थी घेऊन प्रयागला, त्र्यंबकेश्वरला गेलं होतं का, ते आत्याला विचार. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आलेल्या माणसाने आपल्या हाताने किंवा अंगठ्याने बाप, आजा, भाऊ, मुलं सांगितलेली असतात. तिथेही आडनाव नको, मूळ गाव आणि जात सांग. प्रयागच्या पंड्यांची निशाणं असतात, आत्याला नाव आठवलं नाही तरी निशाण आठवेल. दक्षिणा आधी ठरव.

आणि सरदार शोधू नकोस. नागपूरच्या महाल भागातल्या अर्ध्या घरांचे पूर्वज भोसल्यांच्या दरबारी मानकरी होते असं ऐकून ऐकून मी विचारणं सोडलं. एवढ्या मानकऱ्यांचे घोडे बांधायला नागपूर पुरलं नसतं. पैसे घेऊन सोनेरी कडेची वंशावळ काढून देणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे सरदार मिळतोच. तुला कर्ज मिळेल, दुसरी बायको मिळेल, एखादा तुरुंगवास मिळेल, आणि जातीचा रकाना तर दर पानावर मिळेल. ते तसंच उतरून घे. हयात माणसांचं मात्र, त्यांना विचारल्याशिवाय, इंटरनेटवर काही टाकू नकोस. वंशावळीतली भांडणं सातबारापर्यंत जातात.

आधी पिशवी, मग कोतवाल बुक, मग खसरा. वर्तमानपत्रं त्यानंतर. आत्याकडचं हक्कसोडपत्र मिळालं की दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. स्टॅम्प कुणी, कोणत्या तारखेला आणि कुणाच्या नावाने घेतला हे मागे लिहिलेलं असतं, आणि लोक नेमकी तीच बाजू झेरॉक्स करत नाहीत.

तुझा,
काका