लेक नेटबॉलची कप्तान आहे, पुढं यात करिअर होतं का?

ताई, परभणीत लेक शाळेच्या संघाची कप्तान आहे म्हणता, झकास! पण नुसत्या नेटबॉलवर पोट भरेल असं मी म्हणणार नाही. इंग्लंडची अमा अग्बेझे बघा, कप्तानही अन् शिकलेली वकीलही. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिच्या संघानं अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाला 52-51 हरवलं, तेही अगदी शेवटच्या क्षणाच्या गोलवर. आपल्याकडं 2010 ला दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्राची तेहलान भारताच्या संघाची कप्तान होती. पुढं ती अभिनयात गेली. तेव्हा बारावी सुटू देऊ नका.

खेळाचं म्हणाल तर आमच्या लातूरच्या मुरमाड मैदानावर पोरी एकाच ठिकाणी चुकायच्या. चेंडू हातात आला की बास्केटबॉलसारखं पळायच्या, लगेच शिट्टी! तीन सेकंदांत पास, एवढं आधी घोटून घ्या.