रोज ऑफिसला नेतो त्या जवळपास स्टॉक (कंपनीतून आली तशीच) होंडा सिव्हिक एसआयला (2.4 लिटर, अमेरिका) कोणतं नायट्रस किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून थोडा वेळ जादा ताकद देणारं) घ्यावं?

वेट किट घ्या, आणि जेट (किती वायू सुटेल ते ठरवणारा छोट्या छिद्राचा भाग) 50 हॉर्सपॉवरचाच लावा. वेट किटमध्ये नायट्रससोबत जादा पेट्रोलही नोझलमधूनच जातं. ड्राय किट स्वस्त आणि बसवायला सोपं, पण जादा इंधन गाडीच्या इंजेक्टरांनी आणि ट्यूनने (इंजिनच्या कंप्युटरमधल्या सेटिंगने) पुरवायचं असतं. ते कमी पडलं की मिश्रण लीन होतं (इंधन प्रमाणापेक्षा कमी) आणि पिस्टन वितळू शकतो. 75 चा जेट बॉक्समध्ये असेल, त्याचा मोह टाळा.

खरा पैसा सुरक्षेच्या भागांवर घाला. विंडो स्विच हवाच: साधारण 3000 आरपीएमच्या खाली आणि रेडलाइनच्या (इंजिनच्या कमाल आरपीएमच्या) जवळ नायट्रस बंद. सोबत फुल थ्रॉटल स्विच (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरच नायट्रस सोडणारा) आणि इंधनाचा दाब घसरला की सिस्टीम तोडणारा स्विच. बाटलीचा दाब 900 ते 1000 पीएसआय ठेवा, ती तापवायला हीटर चालेल, बर्नर कधीच नाही (लोक करतात!).

स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे), पेट्रोल प्रीमियम. क्लच आधीच घसरत असेल तर तो आधी बदला.

काही राज्यांत बाटली जोडून रस्त्यावर गाडी चालवायला मनाई आहे, तेव्हा ऑफिसला जाताना बाटली घरीच ठेवा.